पोराला रेसलर व्हायचंय? हो म्हणण्याआधी हे बघून घ्या

कोपरखैरणेला मी ज्युदोचा क्लास घेतो, आठवी-नववीची पोरंपोरी जास्त आहेत, आणि सुट्टी लागली की त्यांच्या आईवडिलांचा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. सर, हा म्हणतो मला डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये जायचंय, काय करू? सर, ते सगळं ठरवलेलंच असतं ना, मग जाऊदे का? सर, ही गच्चीवर गादी टाकून उड्या मारते, थांबवू का? प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहितोय, म्हणजे ठाण्यात, ऐरोलीत, खारघरमध्ये ज्यांच्या घरात हा विषय चालू आहे त्यांना कामाला येईल.

माझं मत आधीच सांगतो. प्रोफेशनल रेसलिंग, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या कंपन्या टीव्हीवर दाखवतात तो कुस्तीचा शो, धोकादायक आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते जसं चालतं तसं तर विनाकारण जास्त धोकादायक आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत रिंगमध्ये उतरवायचं नाही, यात माझ्याकडून काही सूट नाही. अठरानंतर पोराला सगळं माहिती असूनही जायचं असेल तर जाऊद्या, पण एक गोष्ट बघूनच, की तिथे मार लागल्यावर "आता बस, खाली उतर" असं म्हणणारा माणूस कोण आहे आणि त्याचं कोणी ऐकतं का. खाली जे काही लिहिलंय ते फिरून फिरून तिथेच येणार आहे.

खरं की खोटं हा वाद आधी मिटवा

घरात दोन पार्ट्या असतात. पोरगं म्हणतं सगळं खरंय, वडील म्हणतात सगळी नौटंकी आहे, आणि या वादात मुद्दा राहून जातो. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं, हे आता कंपन्या स्वतःच मान्य करतात, त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण शंभर किलोचा माणूस उचलून आपटला जातो तेव्हा तो खरोखरच आपटतो. पडणं कोणी ठरवून हलकं करू शकत नाही, फक्त कसं पडायचं ते शिकता येतं.

रिंग म्हणजे गादी नाही हे पोराला नीट समजावून सांगा. खाली लोखंडी सांगाडा, त्याच्यावर लाकडी फळ्या, त्याच्यावर फोमचा पातळसा थर आणि वरून ताणून बसवलेला कॅनव्हास, एवढंच. डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग वीस बाय वीस फुटांची असते, बाकी बऱ्याच कंपन्यांची त्याच्याहून लहान. दोऱ्या टीव्हीवर रबरासारख्या वाटतात, पण बऱ्याच रिंगमध्ये आत लोखंडी केबल असते आणि वरून पाइप चढवलेला असतो, नव्या पोराच्या पाठीवर आणि काखेत पहिले काही आठवडे काळेनिळे वळ उठतात. आमच्या ज्युदोच्या मॅटवर पडणं आणि त्या फळ्यांवर पडणं यात खूप फरक आहे, आणि आमच्या मॅटवरसुद्धा पोरं हात मोडून घेतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हा दोघांचा खेळ आहे. ज्युदोत किंवा कुस्तीत समोरचा मला पाडायला बघतो आणि मी स्वतःला वाचवतो. इथे मी माझी मान समोरच्याच्या हातात देतो आणि तो मला सांभाळून खाली टाकेल असा भरवसा ठेवतो. समोरचा दमलेला असेल, नवखा असेल, त्याचा हात घामाने सटकला, तर मी कितीही तयार असलो तरी फार काही करू शकत नाही. १९९९ मध्ये ड्रॉझ नावाचा रेसलर असाच गेला कामातून. पॉवरबॉम्ब, म्हणजे समोरच्याला वर उचलून पाठीवर आपटणं, हा रोज होणारा डाव, समोर अनुभवी माणूस, कोणाच्या मनात काही वाईट नाही, पकड नीट बसली नाही आणि तो मानेवर पडला. पुढची सगळी वर्षं, २०२३ मध्ये वारला तोपर्यंत, त्याला मानेखाली लकवा होता.

पोरासोबत बसून एक मॅच बघा, पण अशी

हे मी सगळ्या पालकांना करायला लावतो. आता भारतात हे सगळं नेटफ्लिक्सवर आलंय, त्यामुळे थांबवून, मागे नेऊन बघता येतं. आवाज बंद करा, कारण कॉमेंटरी आणि म्युझिकच्या नादात खरं काय चाललंय ते दिसतच नाही. मग पोराला म्हणा, चल, कोण जिंकतो ते सोड, फक्त पडणाऱ्याची हनुवटी बघ.

हनुवटी छातीला चिकटलेली दिसेल. पाठ सपाट पडते, दोन्ही हात बाजूला पसरून तळवे जोरात खाली आपटतात, तोंडातून श्वास बाहेर जातो. याला ते बंप घेणं म्हणतात. ज्युदोत हेच आम्ही उकेमी म्हणून शिकवतो. डोकं मागे आपटू नये आणि धक्का एका जागी न बसता पूर्ण पाठीवर पसरावा म्हणून हे सगळं. एकदा ते नीट बघितलं की पोराच्या लक्षात येतं की हे लोक जबरदस्त कसबी आहेत, आणि तेवढं कसब आपल्यात नाहीये हेही त्याचं त्यालाच कळतं, आपण वेगळं लेक्चर द्यायची गरज उरत नाही.

मग रेफरीकडे बघायला सांगा. तो फक्त तीन मोजायला नसतो, तो दोघांच्या जवळ जाऊन हळूच विचारत असतो, ठीक आहेस ना, चालेल ना. आणि खरोखर काही झालं तर तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरतो, ती बाहेरच्या डॉक्टरांना खूण असते. ही खूण पोराला माहिती असते, आजकालच्या पोरांना सगळं माहिती असतं, पण ती का लागते याचा विचार त्याने केलेला नसतो. वेदना होतायत असं दाखवणं हेच ज्या खेळात काम आहे, तिथे खरी वेदना ओळखायची कशी? प्रेक्षकाला नाही ओळखता येत, कधीकधी समोरच्या रेसलरलाही नाही. म्हणून वेगळी खूण लागते, आणि म्हणूनच ती देणारा माणूस लागतो.

कुठल्या दुखापतींना घाबरायचं

पालक उंचावरून पडण्याला घाबरतात. ते बरोबरच आहे. १९९८ मध्ये मिक फोली पिंजऱ्याच्या टपावरून खाली टेबलावर पडला तो व्हिडिओ प्रत्येक पोराने बघितलेला असतो. आणि मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छतावरून दोरीने खाली येत असताना हार्नेस, म्हणजे अंगाला बांधलेला पट्टा, मध्येच सुटला, जवळपास ७८ फुटांवरून तो रिंगमध्ये पडला आणि गेला. वय ३४. तो डाव करताना नाही गेला, एंट्री भारी दिसावी म्हणून केलेल्या स्टंटमध्ये गेला, आणि त्याला नेल्यावर शो पुढे चालू ठेवला. ही गोष्ट मला अजूनही सहन होत नाही.

पण उंचावरून पडणं कधीतरी होतं. मान आणि डोकं यांच्यावरचा मार रोजचा आहे, आणि मला भीती त्याची जास्त वाटते.

मानेचं बघा. १९९७ मध्ये स्टीव्ह ऑस्टिन एका पाइलड्रायव्हरमध्ये (समोरच्याला उलटं धरून डोक्याकडून खाली नेण्याचा डाव) डोक्यावर आपटला, काही क्षण त्याला हातपाय हलवता येईनात, पुढे खेळला पण २००३ पर्यंत त्याची नियमित कारकीर्द संपली. २००१ मध्ये जपानचा हायाबुसा दोरीवरून उलटी उडी मारताना पाय सटकून मानेवर पडला आणि लकवा झाला, ती उडी त्याची नेहमीची होती. २००९ मध्ये हिरोशिमाला मित्सुहारू मिसावा एका सुप्लेक्समध्ये (कवटाळून मागे फेकण्याचा डाव) पडला आणि उठलाच नाही. तो डाव त्याने आयुष्यात असंख्य वेळा झेललेला होता. त्याचं वय ४६, कंपनीचा मालकही तोच, मागे कित्येक वर्षं मानेवर आणि डोक्यावर पडून झालेलं, आणि मालकच असल्यावर त्याला आज घरी बस म्हणणार कोण? २०२२ मध्ये बिग ईची मान रिंगच्या बाहेर एका साध्या फेकीत मोडली. ही सगळी तयारीची, नावाजलेली माणसं होती.

डोक्याचं त्याहून अवघड, कारण ते दिसत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसतं. कन्कशन, म्हणजे डोक्याच्या माराने मेंदूला बसलेला धक्का, झालेला माणूस उभा असतो, बोलत असतो, स्वतःच म्हणतो मी ठीक आहे. क्रिस नोविन्स्की हार्वर्डमध्ये शिकलेला पोरगा, डब्ल्यूडब्ल्यूईत गेला, २००३ मध्ये डोक्याला मार लागल्यावर त्रास लपवून खेळत राहिला आणि शेवटी त्याला रेसलिंग सोडावी लागली. पुढे त्याने याच विषयावर संस्था काढली आणि खेळाडूंच्या मेंदूचा अभ्यास व्हावा म्हणून झगडला. २००७ मध्ये क्रिस बेन्वा या रेसलरच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला तेव्हा वारंवार मार बसून होणारी झीज त्यात सापडली. त्याने घरात बायको-मुलाला मारण्याचं जे भयंकर कृत्य केलं त्याचं कारण हेच होतं असं म्हणणं बरोबर नाही, पण तो मेंदू ठीक नव्हता एवढं नक्की. २०१० मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने डोक्यात खुर्ची मारणं बंद केलं. त्याआधी ते वर्षानुवर्षं चालू होतं आणि आपण सगळे लहानपणी टाळ्या वाजवून बघत होतो.

अडवलं तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे. डॅनियल ब्रायन लोकप्रियतेच्या शिखरावर होता, त्याला खेळायचंच होतं, पण डोक्याला पुन्हापुन्हा मार लागल्याने डॉक्टरांनी परवानगी नाकारली आणि २०१६ मध्ये त्याला निवृत्ती घ्यावी लागली. चिडला, रडला, पण थांबला. भरपूर तपासण्या होऊन २०१८ मध्ये परवानगी मिळाली तेव्हाच परत आला. एज नावाचा रेसलर २०११ मध्ये मानेच्या दुखण्याने थांबला आणि २०२० मध्ये परतला. अडवणारा होता म्हणून हे दोघं परत येऊ तरी शकले.

पंधराच्या आतलं पोरगं असेल तर

इथे फार चर्चा करू नका, सरळ नियम लावा. ज्या डावात समोरच्याचं डोकं खाली आणि पाय वर होतात तो डाव घरात, शाळेत, सोसायटीत, कुठेही नाही. पाइलड्रायव्हर, पॉवरबॉम्ब, सुप्लेक्स, सगळं यात आलं, आणि गळा धरून उचलून आपटायचा चोकस्लॅमही नाही. पाइलड्रायव्हर तर डब्ल्यूडब्ल्यूईनेच स्वतःच्या तयार रेसलर्सना जवळपास बंद ठेवलाय हे पोराला सांगा, त्याचा परिणाम "मी सांगतो म्हणून" पेक्षा जास्त होतो. गळा आवळणं नाही. बेडवरून, सोफ्यावरून, टाकीवरून कोणाच्या अंगावर उडी नाही. लहान भावंडावर काहीच नाही, कारण सात वर्षांच्या बहिणीची मान बारा वर्षांच्या भावाचं वजन घेऊ शकत नाही, आणि खेळताना कोणाला कळतही नाही की मजा कुठे संपली.

आपल्या सोसायट्यांमध्ये खेळायची जागा म्हणजे पेव्हर ब्लॉक, पोडियम नाहीतर गच्ची. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये प्ले एरियात रबरी मॅट असते, पोरांना वाटतं ती पडायला आहे, ती घसरगुंडीवरून घसरणाऱ्या पोराचे गुडघे फुटू नयेत म्हणून आहे. जुनी कापसाची गादी तर आणखी वाईट, कारण गादी बघून पोरं जास्त उंचावरून उडी मारतात.

मग त्याची ती रग जाणार कुठे? ती दाबू नका, वळवा. ज्युदो, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, कबड्डी, यातलं काहीही चालेल. मी ज्युदोवाला असलो तरी खरं सांगतो, ठाण्याच्या जवळ मातीची तालीम मिळत असेल तर तिकडे आधी जा. भिवंडी-कल्याण पट्ट्यात आणि आपल्या आगरी गावांत अजून जत्रेला कुस्त्या लागतात, तिथल्या वस्तादांना विचारलं की कुठे पोरं तयार होतायत ते कळतं. तेल, ताक, हळद घालून मळलेली मऊ लाल माती पडायला फळीपेक्षा किती तरी बरी, आणि चांगला वस्ताद पहिले कित्येक महिने डाव शिकवतच नाही, जोर-बैठका आणि मानेचा व्यायाम करून घेतो. पोरं कंटाळतात. जे कंटाळून सोडतात त्यांची रेसलिंगची हौसही तिथेच फिटते, आणि जे टिकतात त्यांच्याशी पुढचं बोलण्यात अर्थ आहे.

अठरा झालं आणि अजून तेच म्हणतोय

मग त्याला सिरीयसली घ्या. रस्ता आहे, नाही असं नाही. खली हिमाचलचा, २००७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला, २०१५ पासून जालंधरला त्याची अकॅडमी आहे. तिथूनच कविता देवी पुढे गेली, आधी वेटलिफ्टिंग केलेली हरयाणाची मुलगी, २०१७ मध्ये सलवार-कमीजमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये उतरली. ज्यांच्या घरात मुलीला हे करायचंय त्यांनी "मुलींचं काम नाही" म्हणून विषय बंद करू नये, जी काळजी मुलाची तीच मुलीची. पुण्यात बालेवाडीला २०११ च्या शेवटी रिंग का किंग या रेसलिंगच्या टीव्ही शोचं शूटिंग झालं होतं. म्हणजे आपल्याकडे अधूनमधून लाट येते, पण रोजचं काम देणारं असं काही महाराष्ट्रात उभं राहिलेलं नाही, आणि पोराला घर सोडून जावं लागेल हे धरून चला.

म्हणून बारावी आणि शक्यतो ग्रॅज्युएशन हातात असूद्या. हे मी टिपिकल काका म्हणून सांगत नाहीये. डब्ल्यूडब्ल्यूईतसुद्धा रेसलर हे कंपनीचे नोकरदार नसतात, कंत्राटावर असतात, त्यांची युनियन नाही. रिंगमधल्या दुखापतीचा खर्च कंपनी करते, पण घरच्या मेडिक्लेमचं ज्याचं त्याने बघायचं. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीत ही गत, तर गावोगावी शो करणाऱ्या छोट्या रेसलिंग कंपन्यांमध्ये काय असेल ते तुम्हीच बघा. पोटापाण्याची दुसरी सोय असलेला पोरगा दुखत असताना "आज नाही" म्हणू शकतो. ज्याचं सगळं त्याच रात्रीच्या पैशावर आहे तो गोळी खाऊन उतरतो.

रेसलिंग स्कूल बघायला जाताना पोरासोबत तुम्ही स्वतः जा. फोनवर, इन्स्टाच्या रील बघून फी भरू नका. आणि जाऊन एक दिवस नुसतं बसा, ट्रेनिंग बघा. मी काय बघेन ते सांगतो.

नवीन पोरं काय करतायत? भिंतीकडे तोंड करून स्क्वॉट, लोळण्या, पाठीवर पडणं, परत पडणं, परत पडणं, एवढंच महिनाभर चाललेलं दिसलं तर चांगलं लक्षण. आठवड्यापूर्वी आलेला पोरगा दुसऱ्याला उचलून आपटताना दिसला तर चहा प्या आणि परत या. नवख्याला जोडीदार कोण दिलाय तेही बघा, नवखा आणि नवखा अशी जोडी लावायची नसते, एकजण तरी मुरलेला हवा. रिंगखाली वाकून बघा, फळ्या फुटल्यात का, बोल्ट सैल आहेत का, फोम कुठे बसलाय का. वाकून बघायला लाजू नका, तुमच्या पोराची पाठ त्याच्यावर पडणार आहे. फर्स्ट एडची पेटी उघडून दाखवायला सांगा, मान धरायचा कॉलर आणि स्ट्रेचर आहे का विचारा, जवळचं सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते विचारा. ज्याला ते पटकन सांगता येत नाही त्याने त्याचा कधी विचारच केलेला नाही.

आणि मग चीफ ट्रेनरला हा प्रश्न, शब्दशः असाच: "सर, याच्या डोक्याला लागलं तर परत कधी उतरवायचं हे कोण ठरवतं?"

उत्तर "डॉक्टर ठरवतात, त्यांचं लेखी आल्याशिवाय आम्ही रिंगला हात लावू देत नाही" असं काहीतरी आलं तर पुढे बोला. "आमच्याकडे असं होत नाही" किंवा "आम्ही पोरांना टफ बनवतो" किंवा "तो स्वतः सांगेल की" असं आलं तर तिथून निघा, कितीही मोठं नाव असूद्या. हे मी उगाच ताणत नाहीये. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका ट्रेनिंग स्कूलमध्ये ब्रायन ओंग नावाचा शिकाऊ पोरगा सरावात गेला. त्याला त्याआधीच डोक्याला मार लागलेला होता आणि तरी त्याचा सराव चालू राहिला, परत पडला, डोकं आपटलं. केस झाली, ज्युरीने स्कूलला दोषी धरलं आणि कुटुंबाला तेरा लाख डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. तो टीव्हीवर नव्हता, कुठल्या मोठ्या शोमध्ये नव्हता. शिकत होता.

फॉर्मवर सही करण्याआधी तो घरी आणून वाचा. "काहीही झालं तर जबाबदारी आमची नाही" असं जवळपास सगळीकडे लिहिलेलं असतं, मला खटकतं ते वेगळंच, की मार लागल्यावर स्कूल काय करेल याबद्दल त्यात एक ओळही नसते. ती ओळ लिहून मागा.

इन्शुरन्सचं आधीच बघा. आपल्याकडच्या हेल्थ पॉलिसींमध्ये धोकादायक किंवा साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास होणारा खर्च वगळलेला असतो, प्रत्येक पॉलिसीच्या एक्सक्लुजनच्या यादीत ते सापडतं. एजंट तोंडी "हो हो कव्हर आहे" म्हणेल. कंपनीला ईमेल करा, रेसलिंगचं ट्रेनिंग आणि पैसे घेऊन केलेला शो, दोन्ही वेगवेगळे विचारा आणि लेखी उत्तर ठेवा.

पावडर, इंजेक्शन आणि गोळ्या

यावर थोडक्यात पण कडक. नोव्हेंबर २००५ मध्ये एडी गरेरो ३८ व्या वर्षी हॉटेलच्या रूममध्ये हृदयविकाराने गेला, त्यानंतर काही महिन्यांतच डब्ल्यूडब्ल्यूईने २००६ मध्ये औषधांच्या आणि हृदयाच्या तपासण्या सुरू केल्या. त्या पिढीतले कितीतरी रेसलर पन्नाशीही न बघता गेले, आणि त्यात रिंगमध्ये मेलेले थोडेच. शरीर फुगवायची इंजेक्शनं, दुखणं मारायच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, रोजचा प्रवास, हे सगळं एकत्र आलं की हृदय जातं. आपल्या जिममध्ये कोणी पोराला तीन महिन्यांत बॉडी करून देतो म्हणत असेल तर ती जिम बदला. आणि पेनकिलर खाऊन सराव करणं हा नियमभंग आहे असं घरात ठरवून टाका, कारण दुखणं मारलं की शरीराने द्यायची सूचना बंद होते.

आजोबा म्हणाले, मग गोविंदा नाही का चढत?

हा प्रश्न ठाण्यात येणारच आणि तो चुकीचा नाहीये. आपल्याच ठाण्यात नऊ थरांचे विक्रम झालेत, २०१२ ला जय जवान पथकाने लावलेले नऊ थर गिनीजमध्ये गेले, आणि आपणच खाली उभं राहून ओरडत होतो. पण बघा तिथे काय काय बदललं. कोर्टात प्रकरणं गेली, चौदाच्या आतल्या पोरांना चढवायचं नाही हे ठरलं, हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट आले, २०२२ मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा आणि विम्याचं जाहीर केलं. अजूनही पोरं पडतात, हाडं मोडतात, सगळं ठीक झालंय असं मी म्हणत नाही. पण पथकाचा प्रशिक्षक निदान कोणाला तरी उत्तर द्यायला बांधलेला आहे. आपल्या गल्लीत उद्या कोणी चार बांबू आणि प्लाय लावून रेसलिंगची रिंग उभी केली तर त्याला विचारणारं कोण आहे? म्हणून आजोबांना सांगा, गोविंदाइतकी तरी काळजी इथे घेऊ, आणि ती सध्या घरालाच घ्यावी लागणार.

लागलंच तर

मानेवर पडला आणि मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येतायत, हात उचलत नाहीये, तर त्याला उठवू नका. बसवू नका, पाणी पाजू नका, खांद्यावर टाकून रिक्षात घालू नका. डोकं आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरा, आणि १०८ ला फोन लावा. चारजणांनी उचलून धावणं ही आपल्याकडची चांगुलपणाची सवय आहे, मानेच्या दुखापतीत तीच घात करते.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी परत खेळ नाही, किती का ठीक वाटेना, किती का रडेना. बेशुद्ध व्हायलाच पाहिजे असं काही नाही, कन्कशन शुद्धीवर असतानाही होतं. गोंधळलेलं बोलणं, तोच प्रश्न परत विचारणं, चक्कर, प्रकाश सहन न होणं, मळमळ, चिडचिड, आज काय झालं ते न आठवणं, यातलं काहीही दिसलं की डॉक्टर. आणि उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, झटका आला, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, झोपेतून नीट जागा होत नाहीये, अशा वेळी घरी थांबून बघूया म्हणू नका, जिथे सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत तिथेच थेट न्या. तुमच्या घराजवळ असं हॉस्पिटल कुठलं ते आजच शोधून ठेवा. संध्याकाळी घोडबंदरला किंवा कळवा नाक्याला अडकल्यावर शोधायची ही गोष्ट नाही.

घरी आल्यावर पहिले एकदोन दिवस शांत, मोबाइल कमी, अभ्यासही कमी. मग हळूहळू चालणं, हलका व्यायाम, पडायचं काही नसलेला सराव, आणि प्रत्येक पायरीवर त्रास परत येतोय का ते बघून पुढची. त्रास आला की एक पायरी मागे. पडण्याचा सराव सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. पहिला मार भरायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो, आणि हे तरुण पोरांमध्येच जास्त बघितलं गेलंय.

पोरगं तुमच्यापासून लपवणार, हेही धरून चला. डोकं दुखतंय सांगितलं तर बाबा क्लास बंद करतील, या भीतीने ती गप्प बसतात. म्हणून आधीच कबूल करा की सांगितल्याबद्दल ओरडा बसणार नाही आणि सांगितलं म्हणून कायमचं बंदही होणार नाही, लपवलं तर मात्र बंद. माझ्या क्लासमध्ये मी हेच केलंय. जो स्वतःहून येऊन सांगतो, सर आज डोकं जड आहे, त्याला त्या दिवशी माझ्या शेजारी बसवून बाकीच्यांचे गुण मांडायला देतो, घरी पाठवत नाही. आता पोरं येऊन सांगतात.

एवढं सगळं वाचून पोराला अजून जायचं असेल तर पहिली पायरी जालंधर नाही. जवळच्या तालमीत किंवा ज्युदोला नाव घाला, न्यूरोलॉजिस्टकडे किंवा स्पोर्ट्स डॉक्टरकडे एकदा नेऊन मानेची तपासणी करून घ्या, आधी कधी डोक्याला लागलंय का, अगदी शाळेत पडला होता तेसुद्धा, ते तारखेसकट एका कागदावर लिहा. स्कूलमध्ये पहिल्या दिवशी ट्रेनरच्या हातात तो कागद द्या आणि त्याची एक कॉपी सही घेऊन परत आणा.